गुंतवणुकीसाठी सल्लागार १५,००० फी मागतो, एजंट फुकट करून देतो म्हणतो. कोणाकडे जाऊ?

रावेर_केळी: राम राम मंडळी. ५ एकर केळीची मृगबाग (जूनमधली लागवड) आहे. कापणीचा पैसा दोन-तीन महिन्यांत एकदम येतो, मग वर्षभर नुसता जातो. सध्या पतसंस्थेत ठेव, थोडं सोनं, एक विमा पॉलिसी. मुलीच्या कॉलेजला ९ वर्षं आहेत. फी देण्यात अर्थ आहे का?

तापीकाठ: भाऊ, फुकट कोणी करत नाही. म्युच्युअल फंडाच्या रेग्युलर प्लॅनमधून एजंटाचं कमिशन दरवर्षी कापलं जातं, डायरेक्ट प्लॅनमध्ये, म्हणजे एजंटाशिवाय थेट घेतलेल्या फंडात, ते नसतं. हिशेब करून बघा: महिना १०,००० ची एसआयपी (दरमहा ठरलेला हप्ता), २० वर्षं, कमिशन एक टक्का धरा. १२ टक्क्यांनी ९९.९ लाख होतात, ११ टक्क्यांनी ८७.४ लाख. एका टक्क्यात साडेबारा लाख गेले.

पण फी देण्याआधी नोंदणी तपासा. सेबीकडे (शेअर बाजाराची नियामक संस्था) नोंदलेल्या गुंतवणूक सल्लागाराचा क्रमांक 'आयएनए'ने सुरू होतो. 'एआरएन' असेल तर तो वितरक, म्हणजे कमिशनवाला. सल्लागाराने दाखवलेल्या कागदावर जाऊ नका, सेबीच्या संकेतस्थळावर क्रमांक स्वतः टाका. लेखी करार घ्या. फीव्यतिरिक्त एक रुपयाही त्याच्या खात्यात टाकू नका, गुंतवणुकीचा पैसा थेट फंडाकडे जातो. परताव्याची हमी दिली, की तिथून उठाच.

बांधावरचा_हिशेब: नोकरदाराचा साचा तुम्हाला लावू देऊ नका. ६ महिन्यांचा घरखर्च बाजूला ठेवा, असं सल्लागार म्हणेल. केळीला ते पुरत नाही. मे-जूनचं वादळ नेमकं घड भरल्यावर येतं. बाग आडवी झाली की त्या वर्षाचा पैसा गेला, आणि पुढच्या लागवडीची रोपं, खत, मजुरी उभी करायचीच असते. म्हणून १२ महिन्यांचा घरखर्च अधिक एका लागवडीचा पूर्ण खर्च, एवढं लिक्विड फंडात (कमी जोखमीचा, पैसे लवकर काढता येणारा फंड) किंवा बँकेच्या एफडीत हवं.

कापणीचा पैसा आला की आधी पीक कर्ज मुदतीत भरा, नाहीतर व्याज सवलत जाते. उरलेलं लिक्विड फंडात टाकून एसटीपीने (एका फंडातून दुसऱ्यात दरमहा ठरलेली रक्कम आपोआप वळवणे) इक्विटी, म्हणजे शेअर्सच्या, फंडात वळवा. दोन्ही फंड एकाच कंपनीचे लागतात. बँक खात्यावर एसआयपी लावली तर उन्हाळ्यात खातं रिकामं असतं, हप्ता परत जातो आणि बँक दंड लावते.

ठेव_पावती: पतसंस्थेचं कोणी बोललं नाही! बँकेतल्या ठेवीला व्याजासकट ५ लाखांपर्यंत डीआयसीजीसीचा (रिझर्व्ह बँकेची ठेव विमा संस्था) विमा असतो, पतसंस्थेला तो लागू नाही. ठेवी अडकल्या की काय होतं, हे आपल्या जिल्ह्याने पाहिलंय. मुदत संपेल तशी रक्कम बँकेत आणा.

रावेर_केळी: पॉलिसी बंद करू का? एजंट म्हणतो, टॅक्स वाचतो.

तापीकाठ: शेतीच्या उत्पन्नावर प्राप्तिकरच नाही, मग वाचतो काय? कंपनीकडून सरेंडर व्हॅल्यू (आता बंद केली तर मिळणारी रक्कम) आणि पेड-अपचा (हप्ते थांबवून पॉलिसी तशीच ठेवली तर मिळणारी रक्कम) आकडा लेखी मागवा. दोन्ही हातात आल्यावरच ठरवा, आणि त्याआधी साधा टर्म विमा (फक्त मृत्यूनंतर रक्कम देणारा) सुरू झालेला असू द्या.