शाळेसाठी जमलेले पैसे: दप्तरं द्यायची की नववीतल्या मुलांचं बघायचं?

मंडळ सचिव:

नमस्कार मंडळी,
इथे परदेशात आपल्या मराठी मंडळाच्या गणपतीत शाळेसाठी ठेवलेल्या डब्यात यंदा चांगले पैसे जमलेत. कमिटीचं म्हणणं असं पडलं की पुण्याजवळच्या एखाद्या जिल्हा परिषद शाळेला येत्या जूनच्या आत दप्तरं, वह्या, पाठ्यपुस्तकं द्यावीत. ताई सध्या पुण्यातच आहेत, तर त्यांनी जरा चौकशी करून कळवावं. बाकीच्यांनीही लिहा, रविवारी मीटिंग आहे.

कोथरूडहून ताई:

सगळ्यांना नमस्कार,
मेल वाचून खूप बरं वाटलं, पण ऑर्डर द्यायच्या आधी थोडं थांबा. पाठ्यपुस्तकं तर नकोतच. जिल्हा परिषद, महापालिका, अनुदानित अशा शाळांत पहिली ते आठवी बालभारतीची पुस्तकं सरकारच मोफत देतं, दुपारचं जेवण पण आठवीपर्यंत शाळेतच असतं. वह्या-दप्तरांचं म्हणाल तर पुण्यात सेवा सहयोगसारख्या संस्था स्कूल किट वाटतात, शिवाय कंपन्या येतात. मी मुळशीकडच्या ज्या शाळेत जाते तिथल्या बाईंनी कपाट उघडून दाखवलं, वरच्या फळीवर कंपनीचा लोगो असलेली दप्तरं अजून प्लॅस्टिकमध्येच होती.

गाडी अडते ती नववीला. शिक्षण हक्क कायदा 6 ते 14 वयापुरता, म्हणजे आठवीपर्यंत. त्यानंतर एकाच जूनमध्ये सगळं सुटतं, पुस्तकं विकत घ्यायची, शाळेतलं जेवण बंद, आणि गावातली शाळा सातवी-आठवीला संपली की हायस्कूल लांब म्हणून रोजचं भाडं सुरू. मुलींना अहिल्याबाई होळकर योजनेतून एसटीचा पास फुकट आहे, पण जिथे शाळेच्या वेळेला एसटीच नाही तिथे वडापने, म्हणजे शेअर जीपने जावं लागतं आणि तिथे पास चालत नाही. मग घरात कोणी स्पष्ट बोलत नाही, पण मोठ्या मुलीची शाळा सुटते. हे मी डोळ्यांनी बघतेय आणि मला ते बघवत नाही.

ह्याच टप्प्यासाठी एनएमएमएस नावाची केंद्राची शिष्यवृत्ती आहे, आपल्यातल्या बऱ्याच जणांना माहीतही नसेल म्हणून नीट लिहिते. आठवीत परीक्षा, दोन पेपर, बौद्धिक क्षमता आणि शालेय क्षमता, 90-90 प्रश्नांचे. सातवीला 55 टक्के हवेत, घरचं वर्षाचं उत्पन्न साडेतीन लाखांच्या आत हवं, शाळा सरकारी किंवा अनुदानित हवी. निवड झाली की नववी ते बारावी वर्षाला 12,000 रुपये थेट मुलाच्या खात्यात, म्हणजे चार वर्षांचे 48,000. पुस्तकं आणि भाडं दोन्ही त्यात बसतं.

पण परीक्षा पास होऊन काम संपत नाही, नंतर नॅशनल स्कॉलरशिप पोर्टलवर अर्ज भरायचा, आणि तोही दर वर्षी नव्याने रिन्यू करायचा. परवा एक आई आली होती, वीटभट्टीवर काम करते, पिशवीत सगळे कागद, रेशनकार्ड तेवढं लॅमिनेट केलेलं, उत्पन्नाचा दाखला घडीवर फाटायला आलेला. मुलगी निवडली गेलीय, पण आधारवर वडिलांचं नाव एक आणि शाळेच्या रजिस्टरला दुसरं, फॉर्म काही पुढे सरकेना. आई म्हणाली, "आज माझा खाडा झाला, उद्या परत यायला लागत असेल तर राहू द्या ताई." बाईंनी तिला बसवून घेतलं, चहा दिला, आणि आधार केंद्राला कुठला कागद न्यायचा ते मोठ्या अक्षरात लिहून दिलं. अशी माणसं ह्या पोरांना हवीत, कागद हातात धरून शेवटपर्यंत सोबत राहणारी.

तर माझं म्हणणं, पैसे नववी-दहावीच्या मुलांच्या भाड्याला आणि पुस्तकांना द्यावेत, आणि आठवीच्या मुलांना परीक्षेच्या तयारीला आपल्यापैकी कोणी ऑनलाइन वेळ द्यावा. परीक्षा साधारण डिसेंबरात असते.

खजिनदार:

ताई, पटलं. फक्त पैसे कसे जाणार हे आधी बघून घेऊ. आपलं मंडळ इथे परदेशात रजिस्टर्ड आहे, त्यामुळे आपला निधी भारतात 'फॉरेन कॉन्ट्रिब्युशन' धरला जातो आणि तो एफसीआरए, म्हणजे परदेशी देणग्यांच्या कायद्याखाली नोंदणी असलेल्या संस्थेलाच देता येतो, तोही त्या संस्थेच्या नवी दिल्लीच्या स्टेट बँक मुख्य शाखेतल्या खात्यातच. गेल्या वेळी कोणीतरी सुचवलं होतं तसं शाळेतल्या सरांच्या पर्सनल खात्यात टाकू वगैरे अजिबात नको, उद्या त्रास त्या सरांना होईल. आणि 2020 च्या दुरुस्तीनंतर एका संस्थेने असे पैसे पुढे दुसऱ्या संस्थेला देणंही बंद झालंय, म्हणजे जी संस्था प्रत्यक्ष मुलांबरोबर काम करते तिलाच नोंदणी हवी. ज्यांचा पासपोर्ट अजून भारतीय आहे त्यांनी स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत दिलेली देणगी ह्यात येत नाही, पण परदेशी नागरिकत्व घेतलेल्या ओसीआय कार्डवाल्यांची येते. ताई, तिथे अशी संस्था बघाल का?

मराठी शाळेतली एक आई:

मला हे वाचून रात्री झोप लागेना. मी शनिवारी सकाळी वेळ देऊ शकते, गणित आणि विज्ञान दोन्ही घेईन. अजून एक, आमच्या इथल्या मराठी शाळेतल्या मुलांना त्या मुलांबरोबर गोष्टी वाचता येतील का? आमची मुलं मराठी बोलतात पण वाचताना अडखळतात, त्यांना वयाची सोबत मिळाली तर फार बरं होईल.

कोथरूडहून ताई:

अगं नक्की येतील, आणि त्याला एक पैसा लागत नाही. स्टोरीवीव्हर नावाच्या साइटवर प्रथम बुक्सनी मराठीत भरपूर गोष्टी मोफत ठेवल्यात, लेव्हलप्रमाणे लावलेल्या, प्रिंट काढायला पण परवानगी आहे. बालभारतीचं किशोर मासिक 1971 पासून निघतं, त्याचे जुने अंक ऑनलाइन वाचायला मिळतात, आपल्यातल्या कितीतरी जणांनी लहानपणी वाचलेले असतील. विज्ञानासाठी अरविंद गुप्तांची साइट उघड, टाकाऊ वस्तूंची खेळणी, मराठी पुस्तकं, सगळं फुकट. शाळेत एक टीव्ही आहे आणि नेट बरं चालतं, तेव्हा स्क्रीनवर गोष्ट लावून दोन्हीकडची मुलं एकेक पान वाचतील. तुमची शनिवारची सकाळ म्हणजे इथे रात्र, तेव्हा वेळ उलटी धरावी लागेल, तुमची शुक्रवारची रात्र आणि आमची शनिवारची सकाळ. शनिवारी शाळा सकाळचीच असते. जमेल का बघ.

केंद्र सरकारचं विद्यांजली पोर्टल पण बघून ठेवा, 2021 पासून आहे, शाळा तिथे गरज टाकते आणि परदेशातले भारतीयही वेळ द्यायला नाव नोंदवू शकतात. बाईंना मी आपल्या शाळेची नोंद करायला बसवते.

आणि ज्या मुलांचे आई किंवा वडील गेलेत त्यांच्यासाठी बालसंगोपन योजना आहे, महिन्याला 2,250 रुपये, महिला व बालविकास खात्याकडे अर्ज करायचा. आमच्या आठवीतच अशी मुलं आहेत आणि घरच्यांना योजनेचं नावही माहीत नव्हतं, ते अर्ज ह्याच आठवड्यात भरून घेतोय.

खजिनदार, एफसीआरएचं बरं केलंत सांगितलंत. दोन संस्थांशी बोलते, नोंदणीची आजची स्थिती गृहखात्याच्या साइटवर तपासते आणि मगच नाव सुचवते. रविवारच्या आत नववीत जाणाऱ्या मुलींची यादीही टाकते, नावं न देता, फक्त गाव, हायस्कूल किती लांब, आणि सकाळी एसटी किती वाजता येते एवढं.