पुटिका, फोड आणि पुडी

प्रश्न: एका वैद्यकीय लेखाचं भाषांतर करतेय. अंगावर फोड आणणारे स्वयंप्रतिकार आजार, म्हणजे पेम्फिगस आणि बुलस पेम्फिगॉइड, आणि त्यांत रक्तातल्या 'एक्स्ट्रासेल्युलर व्हेसिकल'चा (पेशींनी बाहेर सोडलेल्या सूक्ष्म पिशव्यांचा) बायोमार्कर, म्हणजे रोगाची मोजता येणारी खूण, म्हणून उपयोग. मी 'पेशीबाह्य पुटिका' लिहिलं. पण त्वचेवरच्या पाणी भरलेल्या बारीक फोडालाही व्हेसिकल, म्हणजे पुटिकाच म्हणतात! वाक्य झालं असं: 'पुटिका येणाऱ्या रोगात रक्तातील पुटिका मोजतात.' वाचणाऱ्याला वाटेल, रक्तालाच फोड आलेत.

प्रतिसाद १: घोळ लॅटिनमधूनच आलाय. वेसिका म्हणजे मूत्राशय किंवा फुगलेली पिशवी, आणि वेसिक्युला म्हणजे तिचं छोटं रूप. त्वचेवरची वेसिक्युला नुसत्या डोळ्यांनी दिसते. 5 मिमीपेक्षा (काही पुस्तकांत 10) मोठी झाली की तिला बुला म्हणतात. पेशीतून सुटणारी एक्सोसोम, म्हणजे तुमच्या पेशीबाह्य व्हेसिकलचाच एक बारीक प्रकार, जेमतेम 30 ते 150 नॅनोमीटरची. त्वचेसाठी आपल्याकडे 'फोड' आहेच की. तो फोड हं, चिरलेल्या फळाची ती फोड नव्हे.

प्रतिसाद २: सहमत. शिवाय 'पेशीबाह्य'मध्ये पेशीच्या बाहेर एवढंच कळतं. ती पेशीनेच सोडली आहे, हे हरवतं. संस्कृत पुटिकेचंच मराठीत घरगुती रूप झालं 'पुडी', आणि इथे तीच चपखल बसते. पेशी आपल्याच पटलाच्या कागदात प्रथिनं, आरएनए बांधून पुडी बाहेर सोडते. वेष्टणावरच्या प्रथिनांवरून ती प्लेटलेटची की पांढऱ्या पेशीची, हे ओळखता येतं. वेष्टण आणि आतला ऐवज, दोन्हींतून माहिती मिळते म्हणून तर तिला बायोमार्कर म्हणायचं. 'पेशीपुडी' लिहा.

प्रश्नकर्ती: पेशीपुडी आवडलं, पण संपादक हसतील. पहिल्यांदा 'पेशीपुटिका' लिहून पुढे पुडी वापरते. आणि बायोमार्कर?

प्रतिसाद १: 'जैवदर्शक'. 'जैवचिन्हक' उच्चारताना जीभ अडखळते. मात्र दर्शक म्हणजे कारण नव्हे, हे भाषांतरात सांभाळा. पेम्फिगसमध्ये फोडाला कारण असतात डेस्मोग्लिन 1 आणि 3 या पेशींना एकमेकींशी धरून ठेवणाऱ्या प्रथिनांविरुद्धची प्रतिपिंडं. त्यांनी वरच्या थरातल्या पेशींची आपसातली पकड सुटते. पेम्फिगॉइडमध्ये बीपी180 आणि बीपी230 ही वरचा थर खालच्या थराला जोडणारी प्रथिनं लक्ष्य असतात, म्हणून अख्खा वरचा थरच खालून उचलला जातो आणि फोड ताठ राहतो. निदान आजही त्वचेचा तुकडा काढून आणि प्रतिपिंडं तपासूनच होतं. त्यामुळे पुड्यांबद्दल 'निदान करतात' लिहू नका, 'अभ्यास चालू आहे' लिहा.

प्रतिसाद ३: गंमत म्हणजे पेम्फिगॉइडच्या फोडातल्या पाण्यातही एक्सोसोम सापडलेत. जुन्या परिभाषेत ते झालं असतं 'पुटिकेतल्या पुटिका'.

प्रश्नकर्ती: नेमकं तेच वाक्य पान दोनवर आहे. 'फोडातल्या पुड्या' करते.