मदत हवी आहे: शनिवारपर्यंत काळा ड्रेस, कोणता घेऊ?

अबोली_रत्नागिरी
शनिवारी संध्याकाळी कार्यक्रम आहे, सगळ्यांनी काळंच घालायचं ठरलंय आणि माझ्याकडे एकही काळा ड्रेस नाही. रविवारी चार दुकानं पालथी घातली. खांद्यात बसला तो पोटावर ताणला, पोटावर बसला तो खांद्यावरून उतरत होता. ऑनलाइन मागवला तर वेळेत येईल याचा भरवसा नाही. अंगाला शोभेल, पुढेही वापरता येईल असा साधा काळा ड्रेस कसा निवडायचा? लवकर सांगा, आज मंगळवार.

शिवणकाकू
उंची किती? कार्यक्रम लग्नाचा की ऑफिसचा? गुडघ्यापर्यंतचा चालेल का? हे कळल्याशिवाय काय सांगणार?

दापोलीकर
काळ्यात सगळेच बारीक दिसतात, एवढा विचार नको. कुठलाही घ्या.

शिवणकाकू
दापोलीकर, हे अर्धंच खरं आहे. काळ्यावर चुण्या आणि सावल्या दिसत नाहीत, म्हणून आतला उंचसखलपणा लपतो. बाहेरची रेघ मात्र जास्तच उठून दिसते. पाठीमागे पांढरी भिंत असली की पोटावर ताणलेला काळा ड्रेस लगेच नजरेत भरतो. त्यात चमकणारं सॅटिन असेल तर उजेड नेमका फुगवट्यावर पडतो.

चंद्रकळा
साडी का नाही नेसत? काळी चंद्रकळा संक्रांतीलाही होईल. आम्ही लहानपणी वर्षातून एकदाच काळं घालायचो, थंडीत काळा रंग ऊब धरतो म्हणून. माझ्या आजीने लग्नात काळा काठ असलेलं पातळसुद्धा चालवून घेतलं नव्हतं.

अबोली_रत्नागिरी
साडी नको, सांभाळता येत नाही. उंची ५ फूट १ इंच, खांदे अरुंद, पोट आहे. गुडघ्यापर्यंतचा चालेल.

शिवणकाकू
मग तयार कपड्यात खांदे आधी जुळव. पोटाची बाजू शिवणीतल्या मार्जिनमधून इंच-दीड इंच उसवून सोडता येते. खांदा आत घ्यायचा म्हणजे बाही काढून पुन्हा लावायची, ती बहुतेक वेळा बिघडते. प्रिन्सेस कट बघ, म्हणजे छातीवरून खालपर्यंत उभ्या शिवणी असलेला. उभ्या शिवणीमुळे नजर वरून खाली जाते. गळा व्ही, पण फार खोल नको. अरुंद खांद्याला बोट नेकही, म्हणजे या खांद्यापासून त्या खांद्यापर्यंतचा आडवा गळाही, शोभतो.

फॅशनवेडी_चिपळूण
व्ही नको, एम्पायर कट घे! छातीखालून घेर सोडला की पोट दिसतच नाही. मी गेल्या वर्षी तसाच घेतला, सगळ्यांनी विचारलं कुठून आणलास.

शिवणकाकू
छातीखालून भरपूर घेर सोडलेला ड्रेस बुटक्या बाईला दिवस गेल्यासारखा दिसतो. तुझी उंची किती?

फॅशनवेडी_चिपळूण
५ फूट ६. पण म्हणून काय झालं?

सावंतवाडीची_माई
गो बाय, कापडाचा कोण बोलणा नाय. आपल्याकडे घाम किती येता! क्रेप आणि पॉलिस्टरचा अस्तर घातलंस तर पाठीक चिकटतलो. सुती अस्तर घाल. आणि काळो कपडो पावसात कपाटात ठेवलंस तर बुरशी धरता, सुकवून कडुनिंबाचो पालो ठेव.

चंद्रकळा
माई, बुरशीचे डाग निघायला काय करता? माझ्या काळ्या ब्लाऊजवर पांढुरके ठिपके आलेत.

सावंतवाडीची_माई
सुको ब्रश मार, उन्हात उलटो घाल थोडो वेळ. जास्त वेळ नको, रंग उडता.

अबोली_रत्नागिरी
बुरशीचं कृपया वेगळ्या धाग्यावर! माझे तीनच दिवस उरलेत.

ध्वनीवाला_मांडवी
ताई, कार्यक्रमात तुम्ही बसणार की उभ्या राहणार?

अबोली_रत्नागिरी
निवेदन माझ्याकडेच आहे, म्हणजे दोन तास उभी. हे आधी सांगायला हवं होतं का?

ध्वनीवाला_मांडवी
हो! मंच किती उंच? मागचा पडदा कोणता? माईक हातातला की कॉलरचा?

अबोली_रत्नागिरी
मंच चार फूट. पडदा काळा. माईक कॉलरचा आहे म्हणाले. समुद्राजवळच्या लॉनवर आहे सगळं.

ध्वनीवाला_मांडवी
काळ्या पडद्यासमोर काळा ड्रेस म्हणजे फोटोत फक्त चेहरा आणि हात दिसणार. मागून वरचा दिवा देणार का ते विचारा, त्याने खांद्यांची कड उजळते. कॉलर माईकचा डबा कंबरेला अडकवावा लागतो. एकसंध ड्रेसला पट्टा नसला तर बाजूच्या शिवणीत खिसा करून घ्या, नाहीतर पाठीवर ओढ येऊन गळा मागे जातो.

शिवणकाकू
आता गुडघ्यापर्यंतचा विसर. चार फूट उंच मंच, समोर खाली बसलेले लोक, वर समुद्राचा वारा. घोट्यापर्यंतचा, हलका ए-लाइन घे, म्हणजे खाली हळूहळू रुंद होत जाणारा. पोटरीच्या सर्वांत जाड जागी संपणारी लांबी नको, तुझ्या उंचीला पाय आणखी आखूड दिसतील. बाही कोपराच्या खाली. पडदा काळा, तेव्हा गळ्यापाशी चांदीचा ठुशीसारखा दागिना किंवा खांद्यावर गडद लाल ओढणी हवीच.

दापोलीकर
लांब बाह्या, लांब ड्रेस? मग तो 'क्लासिक' काळा ड्रेस कुठला?

फॅशनवेडी_चिपळूण
दापोलीकर, यात मी काकूंच्या बाजूने. १९२६ साली 'व्होग' या अमेरिकन फॅशन मासिकाने फ्रेंच डिझायनर कोको शॅनेलच्या साध्या काळ्या ड्रेसचं रेखाचित्र छापून त्याला फोर्ड मोटारीची उपमा दिली. तो ड्रेस लांब बाह्यांचा आणि गुडघ्याखाली येणाराच होता. आखूड म्हणजेच क्लासिक, असं काही नाही.

अबोली_रत्नागिरी
आत्ता शिंप्याकडून आले. शुक्रवारी संध्याकाळी देतो म्हणाला. मॅट रेयॉन घेतलं, ४४ इंच पन्हा, तीन मीटर. प्रिन्सेस कट, घोट्यापर्यंत, कोपराखाली बाही, उजव्या शिवणीत खिसा. अस्तर सुती, तेही काळं.

शिवणकाकू
दोन्ही कापडं दिवसाच्या उजेडात शेजारी धरून पाहिलीस का? दोन काळे सारखे नसतात, प्रखर दिव्यात एखादा तपकिरी मारतो. आणि दोन्ही आधी पाण्यात भिजवून, सुकवून, इस्त्री करून मगच कापायला सांग. रेयॉन आणि सुती दोन्ही आकसतात. नंतर आकसलं तर पोटावरच ताणेल.

अबोली_रत्नागिरी
नाही पाहिलं! कापड अजून कापलेलं नाही, दुकान आठला बंद होतं. निघालेच.