काचेवरचा गम जाता जात नाहीये, कोणी काय करून पाहिलंय?

मच्छरांच्या जाळीची वेल्क्रो पट्टी काढली आणि तिचा गम खिडकीच्या काचेवरच राहिला. पश्चिमेची खिडकी, त्यामुळे उन्हाने तो पिवळा आणि कडक झालाय, साबणाने घासलं की नुसता पसरतो आणि वर धूळ बसून काळा होतो. ऐकीव उपाय नकोत, स्वतः केलं असेल तेच लिहा, काय फुकट गेलं तेही. बरणी, आरसा, गाडीची काच, काहीही चालेल.

*

मी बरण्यांवाली, मधाची रिकामी बाटली माझ्याने टाकवत नाही. आधी बघायचं लेबल कागदी आहे की प्लास्टिकचं. कागदी असेल तर गरम पाण्यात बुडवून ठेवा, बऱ्याचदा अख्खं सुटून येतं. प्लास्टिकच्या लेबलाचा गम पाण्याला दाद देत नाही, तिथे खोबरेल आणि खायचा सोडा कालवून थापायचा, रात्रभर ठेवायचा, सकाळी घासणी आणि भांड्याचा साबण. थंडीत खोबरेल थिजतं, मग गोडेतेल घ्या, काम तेच.

*

आरशावरच्या टिकल्या!! आमच्या बाथरूममध्ये सासूबाईंपासून लेकीपर्यंत सगळ्यांची नक्षी आहे. नेलपॉलिश रिमूव्हर कापसावर घेऊन ठिपक्यावर नुसता दाबून धरायचा, घासायची घाई नाही. अॅसिटोनवाला घ्या. फक्त आरशाच्या कडेला ओघळू देऊ नका, मागच्या लेपात शिरलं की कड काळी पडते ती पडतेच.

*

रिमूव्हर फक्त काचेलाच हां. माझ्या भावाने तो फिशटँकवर चोळला, टँक निघाला अॅक्रिलिकचा, आता मासे कायमचे धुक्यात 😂 खिडकीच्या यूपीव्हीसीच्या, म्हणजे प्लास्टिकच्या फ्रेमलाही लागू देऊ नका.

*

गाडीचं सांगतो. एप्रिल २०१२ मध्ये सुप्रीम कोर्टाने काचांवरच्या काळ्या फिल्मवर बंदी आणली तेव्हा सिग्नलला हवालदार स्वतःच ओरबाडून काढायचे, फिल्म जायची आणि गम मालकाला. आमच्या गॅरेजवाल्याने तेव्हा दाखवलेलं, गाडी उन्हात लावा नाहीतर हेअर ड्रायरने काच गरम करा, आणि गम मऊ आहे तोवर कोपऱ्यापासून सावकाश ओढत न्या, सावकाश म्हणजे खरंच सावकाश, झटका दिला की फिल्म फाटते आणि गम काचेवरच. आणि मागच्या काचेला ब्लेड अजिबात नाही!! त्या डिफॉगरच्या, म्हणजे काच तापवून धुकं घालवणाऱ्या रेघा आतल्या बाजूनेच असतात, एक कापली की ती रेघ मेली. तिथे ड्रायर, साबणाचं पाणी आणि नख.

*

रॉकेल. विषय संपला.

*

रॉकेल मिळतं कुठे आता दादा, आमच्या रेशनवर तर कधीच बंद झालं. टर्पेंटाइन आणा, पण खिडक्या उघड्या ठेवून आणि गॅस बंद करून. छोट्या डागाला निलगिरीचं तेल मस्त, महाग पडतं पण घरभर वास तरी बरा येतो.

*

सगळीकडे व्हिनेगर सांगतात, माझ्याकडे गमवर शून्य परिणाम. तेच शॉवरच्या काचेवर बोअरच्या पाण्याचे पांढरे डाग होते ते मात्र गेले. तो क्षार होता, गम नव्हे, त्यामुळे आधी डाग कसला आहे ते बघा.

*

७१ च्या युद्धात ब्लॅकआऊटला मुंबईत आम्ही काचांना काळा कागद चिकटवला होता, मैद्याची खळ करून. युद्ध संपल्यावर आईने ओलं फडकं फिरवलं आणि काचा साफ. आता पट्ट्याच अशा निघाल्यात की भिंत पडेल पण पट्टी नाही.

*

धागाकर्त्या ताई, उन्हाने कडक झालेल्या गमला मी हे केलंय. तेलात भिजवलेला टिश्यू पट्टीवर चिकटवून वरून प्लास्टिक लावायचं म्हणजे सुकत नाही, तासाभराने ब्लेड काचेला जवळजवळ आडवं धरून एकाच दिशेने ढकलायचं, काच सतत ओली हवी. कोरड्या काचेवर धुळीचा एक कण ब्लेडखाली आला तरी ओरखडा उठतो. काच टफन्ड (तापवून मजबूत केलेली) असेल तर ब्लेड नकोच, प्लास्टिकचं जुनं कार्ड वापरा. आणि तिथे परत पट्टी लावायची असेल तर शेवटी स्पिरिटने पुसा, तेलाचा अंश राहिला तर नवी पट्टी आठवड्यात लोंबायला लागेल.

*

पट्टी नको बाबा, आता स्लायडिंगची जाळीच करून घेतेय. त्या ब्लेडला धरायला काही मिळतं का, बोट कापायची भीती वाटते?

*

हार्डवेअरमध्ये रंगवाल्यांचं स्क्रॅपर मागा, ब्लेड बदलता येतं तसलं.