प्रशांत दामले टीव्हीमुळं मोठे झाले म्हणणाऱ्यांनी जरा इकडं या

तिसरी घंटा:
आपल्या सोलापूरच्या नाटकवाल्या ग्रुपवर एकानं लिहिलंय की दामले महाराष्ट्राला माहिती झाले ते झी मराठीवरच्या ‘आम्ही सारे खवय्ये’ या रेसिपीच्या कार्यक्रमामुळं, टीव्ही नसता तर मुंबई-पुण्याबाहेर त्यांना कुणी विचारलं नसतं. त्यावर धडाधड अंगठे पडले. मला हे अजिबात पटलेलं नाही म्हणून सविस्तर लिहितोय.

आधी क्रम बघा. बेस्टमध्ये नोकरीला असलेला माणूस, १९८३ ला ‘टूरटूर’मधनं रंगभूमीवर आला, मग ‘मोरूची मावशी’, ‘ब्रह्मचारी’, ‘गेला माधव कुणीकडे’, ‘एका लग्नाची गोष्ट’. झी मराठीवर कढई चढायच्या कितीतरी आधी हे सगळं होऊन गेलंय. ‘मला सांगा सुख म्हणजे नक्की काय असतं’ हे नाटकातलं गाणं, ते लोकांच्या तोंडी बसलं ते प्रयोग बघून आलेल्यांनी गुणगुणून आणि कॅसेटवरनं. ६ नोव्हेंबर २०२२ ला मुंबईत षण्मुखानंदला त्यांचा १२,५०० वा प्रयोग झाला. भागाकार करून बघा, वर्षाला तीनशेच्या वर पडतात आणि कोरोनात थिएटरं बंद होती ते दिवस धरून. म्हणजे या माणसाचं घरच स्टेजवर होतं असं म्हणायला हरकत नाही.

आणि तिथं ते काय करतात ते नीट बघितलंय का कधी? हशा आला की ते थांबतात, पण हशा पूर्ण संपू देत नाहीत, उतरायला लागला की त्याच्या शेपटावर पुढचं वाक्य टाकतात, त्यामुळं दुसरा हशा पहिल्याच्या खांद्यावर चढतो. आणि तसल्या धावपळीच्या सीननंतर लगेच गाणं, दम लागलेला दिसू न देता. हे टीव्हीवर शिकता येत नाही कारण टीव्हीवर समोर हसणारं कुणी नसतंच. आपल्याकडं मात्र नाटक लागलं की पहिला प्रश्न काय, तर ‘सिरियलमधलं कोण हाय त्यात?’ नाटक कुणाचं, लिहिलंय कुणी, गाणं आहे का, काही नाही. ही सवय सोलापूरनं सोडायला पाहिजे, निदान सोलापूरनं तरी, कारण संगीत नाटकातल्या मोठ्या गायिका-अभिनेत्री फैय्याज आपल्या गावच्या.

विजापूर रोड:
तिसरी घंटा भाऊ, मी त्या अंगठे देणाऱ्यांपैकी एक. तुमचा क्रम बरोबर आहे पण तुम्ही नटाच्या बाजूनं बघायलाय, मी प्रेक्षकाच्या बाजूनं बघतो. माझ्या आईनं लग्नानंतर एकही नाटक बघितलं नव्हतं. घर, सासूबाईंचं दुखणं, आम्ही पोरं, वेळ कुठला. पण दुपारी खवय्ये लागायचं तेव्हा ती हातातलं काम सोडून बसायची, रेसिपीपेक्षा दामल्यांच्या गप्पा ऐकायला. कुठल्याही गावात कुठल्याही बाईच्या स्वयंपाकघरात शिरून हा माणूस पाच मिनिटांत घरचा व्हायचा, तिच्या भाजीचं कौतुक करायचा, चव घेताना डोळे मिटायचा. मग इथल्या हुतात्मा नाट्यगृहात त्यांचं नाटक लागलं तेव्हा आई स्वतःहून म्हणाली मला ने. आता सांगा ही प्रेक्षक कुणी आणली? नाटकानं का टीव्हीनं?

आणि फैय्याजताईंचं नाव तुम्हीच काढलं म्हणून विचारतो, आज सोलापुरातल्या कॉलेजच्या पोरांना विचारा फैय्याज कोण. कीर्ती शिलेदारांनी आख्खं आयुष्य संगीत नाटकाला दिलं, लहानपणापासनं स्टेजवर, २०२२ ला गेल्या तेव्हा किती जणांनी बातमी उघडून वाचली? टीव्ही नसला की हे होतं ओ, कितीही मोठा कलाकार असू दे.

काळी दोन:
विजापूर रोड, आईचं लिहिलंय ते मनापासून आवडलं, पण शेवटचं पटलं नाही. १९६७ साली ‘कट्यार काळजात घुसली’ आलं. दारव्हेकरांचं लेखन, अभिषेकीबुवांचं संगीत, खाँसाहेबांच्या भूमिकेत वसंतराव देशपांडे, आणि झरीनाच्या भूमिकेत फैय्याज. समोर वसंतरावांसारखा गाणारा उभा असताना ‘लागी करेजवा कटार’ म्हणायचं आणि लोकांनी ते वेगळं लक्षात ठेवायचं म्हणजे काय ताकद लागत असेल विचार करा. मी गाणं शिकवते, माझ्याकडं येणाऱ्या मुली ‘चार होत्या पक्षिणी त्या’ शिकायला मागतात, ते कुसुमाग्रजांच्या ‘वीज म्हणाली धरतीला’मधलं, तेही फैय्याजताईंचं. पोरींना नाव माहिती नसेल पण गाणं माहितीय. २०१५ ला बेळगावच्या ९५ व्या नाट्यसंमेलनाच्या त्या अध्यक्षा होत्या. एवढं सगळं टीव्हीच्या जीवावर झालं का?

मला खरा राग आहे तो दुसऱ्या गोष्टीचा. गाणारा नट सिरियलमध्ये गेला की त्याच्या गळ्याचं काय होतं हे कुणी बोलत नाही. बारा-तेरा तासांची शिफ्ट, एसी, जागरण, एकच वाक्य चार अँगलनं, आणि शनिवारी रात्री गाडीत बसून रविवारी प्रयोग. रियाज कधी करणार? मग पट्टी खाली येते, तानेच्या जागी आलाप येतो, पुढं पुढं आधी रेकॉर्ड केलेला ट्रॅक लावून ओठ हलवायची पाळी येते. स्टेजवर ऑर्गनवाला नटाच्या तोंडाकडं बघून साथ करत असतो, नटानं एखादी जागा लांबवली तर तो थांबतो, तबलजी सम धरून ठेवतो, पब्लिकनं वन्स मोअर दिला तर पुन्हा सगळं नव्यानं, आणि दुसऱ्यांदा गाताना काहीतरी वेगळंच निघतं. ट्रॅकवर यातलं काय होणार?

पडद्यामागे:
मी इथं नाटकं लावतो, लई वर्षं झाली, म्हणून जरा व्यवहाराचं बोलतो, कुणी राग मानू नका. मुंबईहून नाटक सोलापूरला आणायचं म्हणजे चारशेच्या वर किलोमीटर, नटांची बस वेगळी, सेटचा टेम्पो वेगळा, लॉज, जेवण, नाट्यगृहाचं भाडं, पेपरातली जाहिरात, फ्लेक्स, आणि कंपनीला जे ठरलंय ते पब्लिक येवो न येवो द्यायचंच. पुण्याला तोच सेट दुपारी एकीकडं संध्याकाळी दुसरीकडं लागतो, इथं एका प्रयोगासाठी येणं आणि जाणं. त्यामुळं पोस्टरवर ओळखीचा चेहरा नसेल तर मी रात्री झोपू शकत नाही हे खरं आहे. प्लॅन उघडल्यावर, म्हणजे तिकीटविक्री सुरू झाल्यावर, पहिल्या दोन दिवसांत जे तिकीट जातं ते चेहऱ्यावर जातं, नाटक कसलं आहे ते त्या लोकांना नंतर कळतं.

पण तिसरी घंटा यांची बाजू पण सांगतो. मालिका संपून सहा महिने झाले की तोच चेहरा विकत नाही. मोठमोठी गाजलेली जोडी घेऊन केलेलं नाटक मी रिकाम्या खुर्च्यांसमोर बघितलंय. दामल्यांच्या बाबतीत असं होत नाही, त्यांचं नाव टाकलं की कुठली मालिका चालू आहे हे कुणी विचारत नाही. ‘एका लग्नाची गोष्ट’ बघितलेली जोडपी २०१८ ला ‘पुढची गोष्ट’ आली तेव्हा आपल्या मोठ्या झालेल्या पोरांना घेऊन नाटकाला जायला लागली. हा विश्वास दौऱ्यातनंच तयार होतो.

शेंगाचटणी:
काय बे एवढं मोठं मोठं लिहायलाव सगळे 🙏 पण वाचायलोय. दामले सर ग्रेट, विषय संपला.

तिसरी घंटा:
शेंगाचटणी, विषय संपलेला नाही रे, बस जरा.

विजापूर रोड भाऊ, तुमच्या आई नाटकाला आल्या याचा मला खरंच आनंद आहे. पण पुढं काय झालं ते तुम्ही लिहिलं नाही. त्या दुसऱ्या नाटकाला आल्या का? टीव्हीवर न दिसणाऱ्या नटाच्या? टीव्ही माणसाला दारापर्यंत आणतो, मान्य, पण तो एका चेहऱ्यासाठी आणतो आणि चेहरा गेला की माणूसही जातो. आणि खवय्येमध्ये तुम्हाला जे आवडलं ना, कुणाच्याही घरात शिरून पाच मिनिटांत घरचं होणं, ते आलं कुठनं? रोज नवीन गाव, नवीन पब्लिक, आज लातूर उद्या नांदेड, पडदा उघडल्यावर पहिल्या काही मिनिटांत हजार अनोळखी माणसं आपलीशी करायची, नाहीतर पुढचे दोन अंक पडलेच. ते करून करून अंगात मुरलेलं कसब टीव्हीवाल्यांनी आयतं उचललं. मी तर म्हणेन टीव्हीनं दामल्यांकडनं घेतलं.

पूर्वभाग:
तुम्ही सगळे ज्या पब्लिकबद्दल बोलायलाय त्यात आम्ही कुठं आहे? आमच्या घरात तेलुगू बोलतात, वडील यंत्रमागावर, आई विड्या करायची. मराठी आम्ही शाळेत आणि टीव्हीवर शिकलो. चांगल्या नाटकाचं पुढचं तिकीट पाचशे, घरात पाच माणसं, रिक्षा जाऊन येऊन, मध्यंतरात वडापाव, हिशोब करा. टीव्ही फुकट होता. दामल्यांना आम्ही टीव्हीवरच बघितलं, ‘मोरूची मावशी’ आणि ‘एका लग्नाची गोष्ट’ पण आम्ही टीव्हीवर, नंतर मोबाईलवर बघितलं, आणि पोट धरून हसलो. स्टेजवर बघणाराच खरा रसिक असं वरच्या पोस्टमधनं वाटतं ते मला टोचलं. फैय्याज आपल्या गावच्या म्हणता, तर याच गावात तेलुगू, कन्नड, उर्दू, मराठी चारी भाषा एका गल्लीत ऐकू येतात, त्याच गावातली एक मुस्लिम घरातली मुलगी मराठी संगीत नाटकाची मोठी गायिका झाली. तसल्या घरातली आजची मुलगी नाट्यगृहापर्यंत पोचणार कशी ते बोला की.

काळी दोन:
पूर्वभाग, तुमचा मुद्दा या धाग्यातला सगळ्यात महत्त्वाचा आहे असं मला वाटतं. माझ्याकडच्या दोन चांगल्या गाणाऱ्या मुली पूर्व भागातल्याच आहेत आणि दोघींनी अजून एकही संगीत नाटक समोर बसून बघितलेलं नाही. रेकॉर्डिंगमध्ये आवाज ऐकू येतो, पण नट श्वास कुठं घेतो, पदाच्या आधी गद्यातनं सुरात कसा शिरतो, हे समोर बसल्याशिवाय कळत नाही. शिकणाऱ्यासाठी तरी स्टेजला पर्याय नाही.

विजापूर रोड:
तिसरी घंटा, आई परत आली होती, हो. राहुल देशपांडे आणि दामल्यांनी ‘संशयकल्लोळ’ नव्यानं केलं तेव्हा. देवलांचं नाटक, १९१६ पासनं चालत आलेलं, आईला त्यातलं काही माहिती नव्हतं, त्यातली फाल्गुनरावाची भूमिका कोण करतोय तर दामले, एवढ्यावर पुण्याला मावशीकडं जाऊन बघून आली. जुनं संगीत नाटक नवीन लोकांनी बघावं असं तुम्हाला वाटतं ना, मग ते टीव्हीवरच्या ओळखीनंच झालं ना? २०१५ चा ‘कट्यार’ सिनेमा घ्या, तो बघून किती पोरं नाट्यसंगीत ऐकायला लागली. शुद्ध राहून रिकाम्या खुर्च्यांपुढं गाण्यापेक्षा हे बरं.

तिसरी घंटा:
सिनेमाचं म्हणाल तर तो आला स्टेजवरनंच. २०१० ला सुबोध भावेंनी नाटक पुन्हा उभं केलं, राहुल देशपांडे, महेश काळे त्यात गायले, लोकांनी ते उचलून धरलं, त्यानंतर सिनेमा झाला. आणि ‘संशयकल्लोळ’मध्ये दामल्यांचा फाल्गुनराव हसवतो, पण गाण्याचा मुख्य भार अश्विनशेठ आणि रेवती या दुसऱ्या दोन पात्रांवर. तुमच्या आई दामल्यांसाठी गेल्या, तिथं त्यांनी तीन तास नाट्यपदं ऐकली. दामल्यांनी आपलं नाव जुन्या नाटकाच्या मागं उभं केलं, याबद्दल मला त्यांचा फार आदर आहे. ‘लेकुरे उदंड जाली’ पण त्यांनी असंच पुन्हा आणलं, श्रीकांत मोघ्यांनी गाजवलेली भूमिका अंगावर घेऊन. माझं भांडण टीव्हीतनं फक्त ओळख घेऊन येणाऱ्यांशी आहे, ज्यांना शेवटच्या रांगेपर्यंत आवाज पोचवता येत नाही.

पूर्वभागला मनापासून सांगतो, मोबाईलवर बघणारा कमी रसिक असं मला म्हणायचं नव्हतं आणि नाही. तिकिटाचं मात्र खरं आहे.

विजापूर रोड:
आवाज पोचत नाही ते बऱ्याचदा साऊंडमुळं पण असतं, नटाला सगळा दोष देऊ नका. बाकी माझं मत तेच आहे, टीव्ही नसता तर माझी आई घरीच बसली असती.

पडद्यामागे:
एवढी चर्चा झालीय तर एक विचारतो. दिवाळीनंतर एक संगीत नाटक आणायचा विचार चाललाय, सगळे गाणारे, ऑर्गन-तबला स्टेजजवळ, मालिकेतला चेहरा एकही नाही. मागच्या खेपेला असलं काही लावलं तेव्हा पहिल्या चार रांगा सोडल्या तर सगळं मोकळं होतं आणि नुकसान माझ्या खिशातनं गेलं. यावेळी प्लॅन उघडायच्या आधी किती जण पैसे भरायला तयार आहेत ते इथं लिहा, नुसते अंगठे नकोत.

तिसरी घंटा:
माझी चार, पुढची.

काळी दोन:
माझी दोन आणि क्लासमधल्या बारा मुली. पण मुलींना पाचशे झेपणार नाहीत, बाल्कनीला विद्यार्थी दर ठेवा.

पूर्वभाग:
विद्यार्थी दर ठेवला तर आमच्या भागातली कॉलेजची पोरं मी गोळा करतो. प्रयोग रविवारी दुपारी ठेवा, रात्री परत यायला रिक्षा दुप्पट मागतात.

विजापूर रोड:
दोन माझी, एक आईचं. मी चेहऱ्याशिवाय येतोय याची नोंद घ्या, पण पडद्यामागे, जाहिरातीत एखादा ओळखीचा चेहरा घाला ओ, नाहीतर बाकीचं सोलापूर कसं येणार.

पडद्यामागे:
बाल्कनीचा दर कमी करतो. रविवार दुपारची तारीख नाट्यगृहाकडं मोकळी आहे का ते उद्या विचारून इथंच टाकतो.