सूर्यास्ताचे फोटो: तुम्ही काय कापलंत?

परवा पुण्यातल्या पाषाण तलावावर काढलेला फोटो घरी येऊन मोठ्या पडद्यावर उघडला. वर नुसतं राखाडी आकाश, खाली अर्धा कठडा, कडेला कुणाचं तरी कोपर आणि मधोमध टिकलीएवढा सूर्य. वरचं निम्मं आकाश उडवलं, कोपर उडवलं, तेव्हा कुठे पाण्यावरची लाल पट्टी नजरेत भरली. काढताना ती मला दिसलीही नव्हती. तुमचेही सूर्यास्त काढा बाहेर. काय कापलंत, का कापलंत, कापून पस्तावलात का, सगळं लिहा.

*

मी सहकारनगरची. पर्वतीवरून सिंहगडामागे बुडणारा सूर्य टिपायचा, असा माझा हट्ट होता. दोन डिसेंबर पायऱ्या चढले. सूर्य काही तिकडे फिरकेना! मग नकाशा काढून बसले. डिसेंबरच्या शेवटी तो आपल्याकडे पश्चिमेपासून दक्षिणेला साधारण २५ अंश सरकतो आणि तिथून मागे फिरतो. पर्वतीवरून सिंहगड त्याच्याही बराच डावीकडे. दोघांना एका चौकटीत घेतलं की मधे नुसत्या इमारती आणि पाण्याच्या टाक्या. शेवटी सूर्यच कापून टाकला. गडाची काळी कड, दूरदर्शनचा मनोरा आणि मागे केशरी आभाळ, एवढंच आडव्या पट्टीत ठेवलं. आता तो दिवाणखान्यात आहे. येणारा प्रत्येक जण विचारतो, "सूर्य कुठाय?"

*

आम्ही रोलवाले. ३६ फोटोंत सगळं भागवायचं, त्यामुळे कापायचं तेही जपून. काळ्या पुठ्ठ्याचे एल आकाराचे दोन तुकडे छोट्या प्रिंटवर ठेवायचे आणि पुढेमागे सरकवत बसायचं. चौकट जमली की लाल पेन्सिलीनं खूण करून मोठी प्रत काढायला द्यायची. हे पुठ्ठे माझ्याकडे अजून आहेत. नातीला दिले, तर तिनं ते मोबाईलच्या पडद्यावर ठेवून पाहिले. हसू नका, बोटानं कडा ओढण्यापेक्षा तिला ते सोपं गेलं.

*

वेताळ टेकडीवरचा माझा धडा महागात पडलेला. सूर्याची रुंदी आपल्याला जेमतेम अर्धा अंश दिसते, म्हणून मोबाईलच्या साध्या लेन्समधून तो अगदी बारीक येतो. मी कापत कापत त्याला मोठा केला. ४००० बाय ३००० ठिपक्यांच्या फोटोतले शेवटी ८०० बाय ६०० उरले. पडद्यावर झकास दिसत होता. हौसेनं १२ बाय ९ इंचांची प्रिंट काढली, तर सूर्याच्या कडेला पायऱ्या! इंचाला ३०० ठिपके धरले, तर ती जेमतेम पावणेतीन इंचांची ऐपत होती. आता मी उलट करतो. सूर्य बारीकच राहू देतो आणि टेकडीवरचं एखादं निष्पर्ण झाड मोठं घेतो.

*

खडकवासल्याला पाण्याची रेघ हमखास तिरकी येते माझी. चार अंश फिरवून सरळ केली, तर फिरवताना कोपरे गेले. त्यातल्या एका कोपऱ्यात बायकोच्या हातातलं मक्याचं कणीस होतं. "मी हवेत मूठ कशाला धरलीय?" या प्रश्नाला अजून उत्तर नाही. तेव्हापासून चौकट जरा सैल घेतो.

*

मला हा सगळा उत्साह थोडा जास्तच वाटतो. सूर्याभोवतीचं आकाश एकदा पांढरं फटक आलं, की कितीही कापा, रंग परत येत नाही. पडद्यावर उजेडाच्या जागी बोट ठेवून प्रकाश खाली ओढायचा, हे जागेवरच करायला हवं. आणि सूर्य बुडाला की लगेच गाडीला किक मारू नका. वर ढग असतील तर पंधरावीस मिनिटांत त्यांच्या पोटाला जो रंग चढतो, त्याला कात्री लागतच नाही. तोवर टेकडी निम्मी रिकामी झालेली असते, तो वेगळाच फायदा.

*

झेड ब्रिजवरून काढणाऱ्यांना एक सूचना. मी पश्चिमेकडे मोबाईल धरला, तर चौकटीच्या कडेला दुचाकीवर बसलेलं एक जोडपं आलं. "तुम्हाला क्रॉप करणारच आहे," असं परोपरीनं सांगितलं. त्यांनी समोर उभं राहून फोटो पुसायला लावला. सूर्यास्त त्या दिवशी खरंच चांगला होता.