तिसरी-चौथीच्या पोरांना स्वतःचं ध्येय ठरवायला लावायचं आहे, काय वापरू? (बजेट ३०० रु.)

काळीमाती_मास्तर:
नमस्कार मंडळी. घाटंजीकडची द्विशिक्षकी झेडपी शाळा. माझ्याकडे तिसरी-चौथी मिळून १९ पोरं. सोमवारी प्रत्येकानं आपणच ठरवायचं, या आठवड्यात मला काय यायला पाहिजे. शनिवारी सकाळच्या शाळेत आपणच तपासायचं, आलं की नाही. याला वही बरी की तक्ता, की आणखी काही? बजेट ३०० रुपये, तेही खिशातले. नेट फक्त पाण्याच्या टाकीजवळ मिळते, ॲप सांगू नका.

टेकभाऊ:
ॲपच घ्या सर. आम्ही लोकवर्गणीतून दोन टॅब घेतले, १८ हजारांत. पोरं खूश. (एक टॅब सध्या चार्ज होत नाही, ते सोडा.)

फ्लेक्सवाले_सर:
फ्लेक्सचा तक्ता करून घ्या. नावं, चांदण्या, मस्त दिसते. मी यवतमाळहून बाराशेत आणला. साहेब आले तर आधी त्याचाच फोटो काढला.

आर्वीचा_बाप:
चांदण्या नकाच लावू मास्तर. माझ्या लेकीच्या नावापुढं दोनच होत्या, दिवाळीपर्यंत शाळेत जायले रडे. कोणाले किती येते ते साऱ्या गावाले काऊन दाखवता?

फ्लेक्सवाले_सर:
आमच्याकडे कोणी रडलं नाही.

आर्वीचा_बाप:
तुमच्यासमोर नसन रडलं.

निवृत्त_गुरुजी:
यात नवीन काय? २०१० मध्ये सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आलं, तेव्हाच आकारिकच्या, म्हणजे वर्षभर शिकवता शिकवता करायच्या मूल्यमापनाच्या, साधनांत शेवटी 'इतर' म्हणून स्वयंमूल्यमापन होतं. कोणी हात लावला नाही. मीही नाही, खोटं कशाला बोलू. नोंदी भरता भरताच मार्च यायचा. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणातल्या प्रगतीपत्रकातही पोरानं स्वतःचं आणि सोबत्याचं मूल्यमापन करायचं आहे. म्हणजे मास्तरानं आणखी एक रकाना भरायचा.

मेळघाटची_ताई:
सर, वही-तक्ता नंतर बघा. पोरं पहिल्यांदा 'मी खूप अभ्यास करीन' हेच लिहितात. आपल्याला तेच ऐकायचं असतं हे त्यांना पक्कं माहीत. तिथून 'हातच्याच्या १० वजाबाक्या, ७ बरोबर' इथवर आणायला मला पोळ्यापासून दिवाळी लागली. माझी पोरं घरी कोरकू बोलतात, म्हणून ध्येय आधी कोरकूत सांगतात, मग मराठीत लिहितो.
शनिवारी 'आलं का?' विचारू नका, सगळे 'हो' म्हणतात. शेजारच्या पोराला करून दाखवायला सांगा. मग त्यानं स्वतःच लिहायचं: येते, अडते, येत नाही. आणि 'अडते' लिहिणाऱ्यावर एकदा जरी डाफरलात, तर पुढच्या शनिवारी सगळ्यांना सगळं येते. हे माझ्याच हातून झालं आहे.

फ्लेक्सवाले_सर:
'येते-अडते' फ्लेक्सवरही लिहिता येते. मार्कर पुसला जातो.

बोंडवाला:
कापूस वेचणीत अर्धी पोरं लहान भावंडं धरून वावरात असतात. सोमवारी ध्येय लिहिलेला शनिवारी येईल तर तपासाल ना! उगा कागद.

टेकभाऊ:
माझ्या मते पोरांना करून दाखवायला सांगा.

मेळघाटची_ताई:
तेच लिहिलं आहे वर.

काळीमाती_मास्तर:
दीड महिन्यानं लिहितो आहे. विकत काहीच घेतलं नाही. जुन्या रजिस्टरची कोरी पानं शिवून १९ वह्या केल्या, दोरा घरचाच. ताई, तुमचं 'अडते' घेतलं, पण शनिवार काढून टाकला. बोंडवाले भाऊ म्हणतात तसंच झालं, दोन शनिवारी सातच पोरं. आता ज्याची तयारी झाली त्यानं यायचं आणि म्हणायचं, 'सर, पाहा.' तीन पोरं अजून एकदाही आली नाहीत. त्यांचं काय करावं ते मला अजून समजलं नाही.
चौथीतल्या एका पोरीनं लिहिलं, 'आईच्या वेचणीचा हिशोब मी करीन.' भाव किलोला १० रुपये. एक दिवस ३७ किलो, दुसऱ्या दिवशी ४६. हिनं हातचा सोडला, ७३ किलोचे ७३० सांगितले. आई म्हणे, 'माये शंभर रुपये कोणं खाल्ले?' दुसऱ्या दिवशी पोरगी आली, मला काही न विचारता वही काढली आणि 'येते' खोडून 'अडते' लिहिलं.

फ्लेक्सवाले_सर:
रजिस्टरचा कागद पावसाळ्यापर्यंत टिकत नाही सर. माझ्या फ्लेक्सवाल्याशी बोलू का? तुमच्यासाठी हजारात करून देईल.